कार्डावर एक पान बाईसाठी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस



मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सध्या मला आठवा महिना आहे, पहिलीच खेप. गरोदर बाईने नोंदणी केली की तिच्या हाती माता व बाल संरक्षण कार्ड येतं, त्यासंबंधी हे पत्र आहे. कार्डाचा आराखडा केंद्राचा असला तरी मराठीतून ते आमच्यापर्यंत येतं ते आपल्या खात्यामार्फत, म्हणून आपल्याला लिहिते. मागणी एका पानाची आहे. नुसतं 'एक पान वाढवा' म्हटलं असतं तर माझा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला असता. तेव्हा ते पान कशाचं आणि कशासाठी, ते जरा ऐसपैस सांगते.

आधी कार्डाची बाजू घेते, कारण ते खरोखर कामाचं आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, धनुर्वाताची इंजेक्शनं, पोटावरून मोजलेली गर्भाशयाची उंची, सगळं एका ठिकाणी. पुढे बाळाच्या लसी आणि वाढीचे आलेख, मुलीचा गुलाबी, मुलाचा निळा. आमच्या भागातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया त्यात असतात. अशी बाई पोटुशी असेल तर हे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार कार्डाशेजारी, तिच्याबरोबर कारखान्यावर जातं आणि तिथल्या अनोळखी सिस्टरलाही तिची सगळी हकीकत एका नजरेत कळते. एवढं काम करणारा सरकारी कागद मला दुसरा ठाऊक नाही.

पण या कार्डात मी आहे ती रकान्यांमध्ये. माझं वजन आहे, माझा दाब आहे, माझं रक्त किती ग्रॅम ते आहे. मला काय होतंय, ते मात्र कुठेच नाही. ते मी कुणाला विचारायचं, हेही नाही.

गंमत म्हणजे हा विषय मी शिकवते. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचा धडा आहे. फलन, रोपण, अपरा, नऊ महिने, प्रसूती. मुलं माना खाली घालून ऐकतात, मी फळ्यावर आकृती काढते, नावं देते. त्या आकृतीत बाई नसते. गर्भाशय असतं, हवेत तरंगणारं, दोन्ही बाजूंना अंडाशयं. त्या गर्भाशयाभोवती पाठ असते, पोटऱ्या असतात, हिरड्या असतात, छातीत धडधडणारं काहीतरी असतं, हे पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचं नाही. मलाही ते कधी खटकलं नव्हतं. आता खडू घेऊन फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात नेला की धाप लागते, तेव्हा खटकतं.

आणि म्हणून मी वाचायला बसले. पुस्तकं चाळायची सवय आणि इंग्रजीची फारशी भीती नाही, या दोन गोष्टींमुळे मला जमलं. जे वाचलं त्याने भीती वाढेल असं घरच्यांना वाटत होतं, झालं उलटंच. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं. त्यातला पाण्याचा भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतं. एरवी साठ-सत्तर ग्रॅमचं असलेलं गर्भाशय शेवटी किलोभर होतं. ते वर सरकतं तसं फुप्फुसांखालचा पडदा वर ढकलला जातो, पण धाप त्याच्याही आधीपासून लागते, कारण संप्रेरकं श्वास जास्त घ्यायला लावतात. त्याच संप्रेरकांनी आतड्यांची चाल मंदावते, म्हणून बद्धकोष्ठ आणि छातीतली जळजळ. सांधे बांधणारे पट्टे सैल होतात, म्हणून कमरेतून आवाज आणि चालताना पाय जरा फेंगडे. पायाची कमान सपाट होते, चप्पल एक नंबर मोठी लागते, आणि ती कधीकधी कायमची. बेंबीपासून खाली काळी रेघ. गालांवर वांग. दात घासताना हिरड्यांतून रक्त. रात्री पोटरीत गोळा येऊन ओरडत उठणं. बाळाची हालचाल पहिल्या खेपेला साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते आणि ती लाथ असते हे आधी ओळखूच येत नाही. मला वाटलं, पोटात गॅस धरलाय.

यातलं एकेक वाचताना मला हायसं वाटत गेलं. माझं शरीर बिघडलेलं नाही, ते कामाला लागलंय, एवढं कळलं तरी रात्री झोप लागते. कामाला लागलेल्या यंत्राचे आवाज ऐकून ते मोडतंय असं समजावं, तसं माझं चाललं होतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझ्यासारखं वाचायची सोय किती जणींना आहे? बाकीच्यांना काय मिळतं? 'असं होतंच गं' एवढं एक वाक्य मिळतं. सासू म्हणते, आई म्हणते, शेजारीण म्हणते, गर्दीच्या दिवशी ओपीडीतही कुणीतरी मान वर न करता म्हणतं. या वाक्याशी माझं भांडण आहे, कारण दहापैकी नऊ वेळा ते खरं असतं.

मध्यंतरी एका सकाळी लग्नातली अंगठी माझ्या बोटात रुतून बसली. साबण झाला, खोबरेल झालं. शेवटी नवऱ्याने मोबाइलवर बघून जाड दोरा घेतला, त्याचं टोक अंगठीखालून सुईने ओढून घेतलं, उरलेला दोरा पेरावर घट्ट गुंडाळत नखाकडे नेला आणि मग ओढलेल्या टोकाकडून एकेक वेढा उलगडत अंगठी पुढे सरकवली. बोट जांभळं पडलं, माझ्या डोळ्यांत पाणी, त्याच्या कपाळावर घाम. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'अगं, असं होतंच.' बरोबर होतं त्यांचं. हातापायांवर थोडी सूज येते, संध्याकाळी वाढते, पाय उंच ठेवून झोपलं की सकाळी उतरते. माझा दाब नेहमीसारखा होता, लघवीत काही नव्हतं.

आमच्या शाळेत एक मावशी आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेची पहिलीच वेळ होती. तिलाही सूज आली. आधी हातांवर, मग चेहऱ्यावर, डोळे बारीक दिसावेत इतकी. डोकं दुखायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. घरात सगळ्या म्हणाल्या, असं होतंच. सगळ्यांनी मनापासून, काळजीनेच म्हटलं. पहाटे तिला झटके आले. १०८ ची गाडी वेळेवर आली म्हणून ती वाचली. बाळ गेलं.

या दोन सुजांमधला फरक शिकायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही, चार ओळी पुरतात. अचानक आलेली सूज, चेहऱ्यावर आलेली, डोकेदुखी थांबत नाही, दृष्टी अंधुक, छातीखाली उजवीकडे दुखतंय, तर त्याच दिवशी दवाखाना, कारण दाब १४०/९० च्या वर गेलेला असू शकतो. आणि हा आजार पहिल्या बाळंतपणात जास्त दिसतो, म्हणजे जिला अनुभव सर्वांत कमी तिलाच धोका जास्त.

कार्डावर धोक्याची लक्षणं चित्रांसकट आहेत, हे मला माहीत आहे. रक्तस्राव, झटके, अंगभर सूज, ताप. चित्रं चांगली आहेत. पण चित्रातली बाई खाटेवर आडवी आहे आणि माझ्यासारखी अजून उभी राहून फळ्यावर लिहिते आहे. एका टोकाला धोका आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, आणि बायका महिनोन्‌महिने राहतात त्या मधल्या पट्ट्यात. रोजचं काय आणि रोजचं नसलेलं काय, हे शेजारी शेजारी मांडलं तरच फरक डोळ्यांत भरतो. पोटाची कातडी ताणून खाजते, ते रोजचं. पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री असह्य खाजतात, ते नाही, ती यकृताची तक्रार असू शकते. जिना चढताना धाप, रोजचं. बसल्या जागी धाप आणि ओठ-नखं पांढरी, नाही. पोट अधूनमधून कडक होऊन सैल पडतं, रोजचं. ठरावीक अंतराने कळा येऊन अंतर कमी होत जातं, नाही. बाळ दिवसा शांत आणि आपण आडव्या झाल्यावर नाचतं, रोजचं. नेहमीपेक्षा कमी फिरतंय असं वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आता लोहाच्या गोळ्यांचं सांगते, कारण त्यावर आपल्या खात्याचा मोठा खर्च होतो. गरोदरपणात १८० दिवस रोज एक गोळी, साठ मिलिग्रॅम लोहाची, आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस पुन्हा. गोळ्या येतात, वाटल्याही जातात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं. त्याची कारणं अनेक आहेत, खाण्यापासून जंतांपर्यंत. पण एक कारण मी तपासणीच्या रांगेत बसून ऐकलंय. माझ्या शेजारची मुलगी, असेल विसेक वर्षांची, हळूच म्हणाली, 'गोळी घेतली की काळी शी होते, बाळ काळं होईल म्हणून मी फेकते.' दुसरीने मळमळीमुळे बंद केली होती. तिसरी प्रामाणिकपणे रोज घेत होती, दुपारच्या चहाबरोबर, आणि चहा लोह शोषू देत नाही. चौथी कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकत्रच गिळून मोकळी होत होती. चारही जणींच्या कार्डावर 'गोळ्या दिल्या' असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. शी काळी होणारच, ते लोह आहे, बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही, रात्री जेवल्यावर लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, चहा आणि कॅल्शियम दोन तास लांब ठेवा. ही ओळ छापायला कितीशी शाई लागते?

घरी तयारी नाही असं मुळीच नाही. तयारी भरपूर चालू आहे. आईने सुती पातळं फाडून दुपटी शिवलीत, कुंची शिवलीय, आत्याने बाळंतविड्यात काय काय द्यायचं त्याची यादी केलीय. डिंक आणि हळीव आणून ठेवलेत. चोरओटी झाली, सातव्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, झोपाळा, वाटीखाली पेढा की बर्फी ते उचलून दाखवणं. मला ते सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू? बर्फी निघाली. कपाळावर वांग जास्त म्हणून एकीचं मत मुलगा, पोट गोल म्हणून दुसरीचं मत मुलगी. सोनोग्राफीच्या दारावर पाटी लावून कायद्याने यंत्राचं तोंड बंद केलं, महाराष्ट्राने तर तो कायदा देशाच्या आधी १९८८ मध्येच केला, पण शेजारणींची तोंडं कुठल्या कलमाखाली बंद करणार? असो. सांगायचं ते हे की या सगळ्या तयारीत बाळासाठी वस्तू आहेत आणि माझ्यासाठी कौतुक आहे. कौतुकाने पोटरीतला गोळा जात नाही.

आपल्या खात्याच्या भिंतीवरच्या जाहिरातींतही तसंच. गरोदर बाई हसरी, डोक्यावर पदर, एक हात पोटावर. तिला कधी उलटी होताना, रडू येताना, शिंकल्यावर लघवी निसटली म्हणून स्टाफरूममधून घाईने बाहेर पडताना कुणी रंगवलेलं नाही. रंगवावं असंही माझं म्हणणं नाही. पण या गोष्टी होतात हे कुणीतरी अधिकृत माणसाने एकदा म्हणावं. सरकारी शिक्का असलेल्या कागदावर ते छापलं असलं की नवऱ्याला दाखवता येतं, मुख्याध्यापकांना दाखवता येतं. मला खुर्ची मागायला फार धीर करावा लागला. वर्गात बसून शिकवणं आमच्याकडे आळस समजतात. मला निदान मागता आली. कोयत्याला गेलेली बाई काय मागणार? तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर फेडायची असते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं असतं. तिच्या अंगाला काय होतंय याचं उत्तर तिला ठाऊक असलं तरी पुढचा प्रश्न, सुट्टी कोण देणार, हा आपल्या एकट्या खात्याचा नाही. तरी तिचं कार्ड बोललं पाहिजे. मुकादमासमोर दाखवायला तिच्याजवळ दुसरं काही नसतं.

असं सोसण्याची सवय किती खोल आहे, ते आपल्याच राज्यात मोजून झालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची एक ना एक तक्रार निघाली, आणि आधी कधी त्यासाठी तपासून घेतलेल्या त्यांतल्या जेमतेम आठ टक्के. अभ्यास जुना आहे, मला कल्पना आहे. पण अंगावर काढणं ही सवय पहिल्या बाळंतपणात लागते असं मला आता वाटायला लागलंय. पहिल्यांदा शरीर इतकं बदलतं, पहिल्यांदा विचारावंसं वाटतं, आणि पहिल्यांदा 'असं होतंच' ऐकून गप्प बसायला शिकतो. मग पुढे अंग बाहेर येतं, पांढरं जातं, कंबर मोडते, तेव्हा विचारायचंही सुचत नाही.

बाळंतपणानंतरचं तर विचारूच नका. गडचिरोलीतल्याच घरपोच नवजात बालसेवेच्या कामावरून देशाने धडा घेतला आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळाला तोलतात, ताप बघतात, बेंबी बघतात. बाळं जगली ती यामुळे, त्याबद्दल दुमत नाही. बाईचीही चौकशी होते, पण ओझरती. नऊ महिने जिचा दर भेटीला दाब मोजला, ती बाळंत झाली की पाळण्याची दांडी होऊन बसते. गर्भाशय पूर्ववत व्हायला सहाएक आठवडे लागतात, तोवर अंगावरून जाणं हळूहळू कमी होत जातं. तासाभरात पूर्ण घडी भिजली तर ते साधं नाही. पोट लगेच सपाट होत नाही, पट्टा आवळून तर नाहीच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतात आणि परत येतात. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येतं, पण दोन आठवड्यांनंतरही मन उठत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तो आजार आहे, नखरा नाही. हे आत्ता, बाळ व्हायच्या आधीच मला माहीत हवं. तेव्हा वाचायला वेळ कुणाला असणार?

म्हणजे पान खरं तर दोन्ही बाजूंनी छापावं लागेल. एका बाजूला पोटुशी, दुसऱ्या बाजूला बाळंतीण. प्रत्येक बाजूला दोन उभे भाग, डावीकडे रोजचं आणि का होतं ते एका ओळीत, उजवीकडे आजच दवाखाना. खाली चार ओळी तयारीच्या: रक्तगट कोणता, निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या इंजेक्शनबद्दल विचारलं का, गाडी कोणती, रात्री फोन कुणाला, रक्त द्यायला कोण, आणि कळांच्या वेळी सोबत कोण बसणार. घरातली एक बाई सोबतीला असू द्यावी असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय, पण ते माहीत असलेली गरोदर बाई मला अजून भेटायची आहे. माहेरची की सासरची यावर भांडण होईल, ते आम्ही मिटवू.

नुसता कागद कुणी वाचत नाही, हेही मी शिक्षिका असल्यामुळे आपल्याआधी म्हणते. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी डॉक्टरांकडून दहा मिनिटं मागणं म्हणजे थट्टा होईल. बाहेर पन्नास बायका बाकांवर, पायऱ्यांवर, सावली मिळेल तिथे बसलेल्या असतात. पण त्या दोन-दोन तास बसलेल्या असतात. तिथेच आशाताईने ते पान हातात धरून दहा-बारा जणींना एकत्र समजावलं तर कुणाचाही वेळ जात नाही. एकीने गोळीचं विचारलं की बाकीच्या तीन जणी आपापलं सांगतात, हे मी त्या रांगेत बसून पाहिलंय. मात्र आशाताईंना त्याचा वेगळा मोबदला द्या, नाहीतर ते आणखी एक फुकटचं काम होईल आणि ते तसंच उरकलं जाईल.

नवऱ्यांनाही त्यात बसवा. बहुतेक जण बाहेर मोटारसायकलवर मोबाइल बघत असतात. ते निर्दय नसतात, त्यांना आत बोलावलेलंच नसतं. माझ्या नवऱ्याला लोहाच्या गोळीचं कळल्यापासून त्याने माझा दुपारचा चहा तासभर पुढे ढकललाय, आणि त्यावरून आमचं रोज वाजतं.

असले विषय सरकारी कार्डावर शोभतील का, अशी शंका कुणीतरी काढेलच. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं तेव्हाही काढली होती, त्यांच्यावर खटलेसुद्धा झाले. मराठीत शरीराबद्दल सरळ बोलता येतं, हे त्यांनी तेव्हाच दाखवलंय. फक्त मजकूर लिहायला अधिकारी बसवू नका. एखादी अनुभवी सिस्टर, दोन आशाताई आणि तीन-चार नुकत्याच बाळंत झालेल्या बायका बसवा, वऱ्हाडातली एक, कोकणातली एक, आमच्याकडची एक. 'मूत्रविसर्जनाची वारंवारिता' असं त्या लिहिणार नाहीत.

माझं कार्ड आता भरत आलंय. नव्या पानाचा मला उपयोग व्हायचा नाही, पण शाळेतल्या दहावीच्या मुली माझ्या पोटाकडे चोरून बघतात आणि त्यांतल्या काहींची लग्नं बारावीच्या निकालाआधी ठरतील. पुढच्या छपाईचं काम निघेल तेव्हा हे पत्र त्या फायलीला लावावं, एवढीच विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका

ता. क. कार्ड बायका घडी घालून पाकिटात ठेवतात. घडीवर आकड्यांचा रकाना येऊ देऊ नका, चार महिन्यांत आकडे पुसतात. आणि अक्षर मोठं ठेवा. कार्ड वाचून दाखवायचं काम पुष्कळ घरांत सासूकडे असतं आणि तिचा चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो.